गोष्टीचे बोट धरून

दिवाळी अंक घरात आला, की तो आधी कोणी वाचायचा यावरून ज्या घरात कुरबुर होते, ते घर सुखी, असे मी समजते. आजोबांना शब्दकोडे हवे असते, आईला कथा हव्या असतात, आणि भविष्याचे पान तर सर्वांनाच हवे असते. मात्र तसे कबूल कोणीच करीत नाही! पण या कुरबुरीत घरातले सर्वांत धाकटे मूल सामील असते का, हे जरा पाहा. पुष्कळ घरांत ते नसते. ते हास्यचित्र पाहते आणि खालच्या दोन ओळी कोणाला तरी वाचायला लावते. त्या दोन ओळींविषयीच मला आज बोलायचे आहे.

मी तेहतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून गेली सात वर्षे आठवड्यातून तीन दिवस सकाळी महापालिकेच्या एका शाळेत पहिली ते तिसरीच्या मुलांना वाचायला शिकवायला जाते. माझ्या पिशवीत खडू, चिंचोके, शब्दांच्या चिठ्ठ्या आणि जुन्या कॅलेंडरांची पाने असतात. अलीकडे त्यांच्या शेजारी एक टॅबही असतो. चिंचोके आणि टॅब एकाच पिशवीत गुण्यागोविंदाने राहतात, हा माझा अनुभव आहे.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. 'असर' या नावाने देशभरच्या खेड्यांत पाहणी होते. कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलाच्या हातात एक कागद देतात आणि वाच म्हणतात. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली सुमारे एकवीस होती. २०२२ साली ती सोळावर आली आणि २०२४ साली तेवीसच्या वर गेली. मधली घसरण कशाची, हे सांगायला नको. जी मुले २०२० च्या जूनमध्ये पहिलीत दाखल झाली, त्यांनी पहिलीचा वर्ग जवळजवळ पाहिलाच नाही. पण ती घसरण भरून निघाली तरी शंभरातली पंचाहत्तरांहून अधिक मुले मागेच आहेत. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते आणि तिसरीनंतर वाचून शिकते. ज्याला वाचता येत नाही, त्याचा भूगोल जातो, विज्ञान जाते, आणि गणितातली तोंडी उदाहरणे येत असूनही लेखी उदाहरणे जातात. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये 'निपुण भारत' ही मोहीम सुरू केली, ती याच काळजीपोटी. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावे, असे तिचे उद्दिष्ट ठरले.

आता कोणी म्हणेल, "मराठी वाचायला असे काय कठीण आहे? जसे लिहितो तसेच वाचतो!" हे बरेचसे खरे आहे, पण मुलाच्या बाजूने पाहा. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे, म्हणजे नुसती बाराखडीच चारशेआठ घरांची झाली. जोडाक्षरे वेगळीच. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर. 'गर्दी'तला र ऐकू येतो दीच्या आधी, पण बसतो तिच्या डोक्यावर. हाच र 'चक्र', 'ट्रक' आणि 'सुऱ्या' या शब्दांत आणखी तीन वेष घेतो. 'चार' आणि 'चारा' यांतला च दिसतो सारखा, पण तोंडात वेगळा होतो. शिवाय क, म, ळ ही तीन अक्षरे सुटी सुटी कितीही मोठ्याने म्हटली, तरी त्यांतून 'कमळ' आपोआप ऐकू येत नाही. ती जोडण्याची युक्ती मुलाला कोणीतरी दाखवावी लागते.

याचे एक उदाहरण माझ्या वर्गातच होते. तिसरीतला एक मुलगा धडा घडाघडा वाचीत असे. स्वर स्पष्ट आणि पूर्णविरामाला थांबणे अगदी बरोबर. त्याची आई चार घरची कामे करते. मुलगा वाचतो याचे तिला फार अप्रूप. एके दिवशी मी सहज धड्यातल्या चित्रावर तळहात ठेवला आणि मधल्या ओळीवर बोट ठेवून म्हटले, "इथून वाच." मुलगा गप्प झाला. त्याने पहिल्या ओळीकडे पाहिले, मनात काही पुटपुटला आणि ओळी मोजीत मोजीत माझ्या बोटापर्यंत येऊ लागला. सगळा धडा त्याला पाठ होता. अक्षरे मात्र पाचसहाच ओळखीची होती.

"बाई, आईला सांगू नका," तो हळूच म्हणाला.

मी सांगितले नाही. पण मार्च महिन्याची मुदत माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मार्चनंतर तो चौथीत जाणार होता आणि तिथली पुस्तके पाठ करण्याइतकी लहान नसतात.

वाचन शिकवण्याची सुरुवात मी कानापासून करते. प्रत्येकाने आपल्या नावाइतक्या टाळ्या वाजवायच्या. मग 'मा'ने सुरू होणारे शब्द सांगायचे. माकड, मासा, मामी, मावशी! शब्द तुकड्यांचा बनतो हे कानाला कळले, की डोळ्याला अक्षर दाखवावे. अक्षरेही अ-आ-इ-ई या क्रमाने घेण्याची सक्ती मी करीत नाही. क, म, ल ही तीन अक्षरे आणि एक काना एवढेच घ्या. काका, मामा, काम, काल, लाल, माल, मका, मला, कमाल! पहिल्याच आठवड्यात मूल "मामा, मला लाल मका" असे वाचते आणि हसते. मका लाल कसा, यावर वर्गात वादही होतो. अर्थ लागला म्हणून मूल हसले, याचा अर्थ ते वाचू लागले.

मग खेळ येतात. अंगणात खडूने अक्षरे लिहून लंगडीने शब्द गाठायचा. हजेरी माझ्याऐवजी मुलांनी घ्यायची. आपल्या नावाची चिठ्ठी शोधून खिळ्याला लावायची. शाळेत येताना दिसलेल्या पाट्यांवरची अक्षरे आणायची. 'दवाखाना', 'पिठाची गिरणी', 'येथे गाड्या लावू नयेत' अशी मोठी लूट रोज येते. आणि सर्वांत गोड खेळ म्हणजे मुलाने बोलायचे आणि मी लिहायचे. "काल आमच्या घरात पाणी आलं नाय" हे वाक्य मी तसेच फळ्यावर लिहिते. स्वतःचे वाक्य वाचायला कोणाला आवडणार नाही?

हे काही मी शोधून काढलेले नाही. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिका माओरी मुलांना त्यांच्याच मनातल्या शब्दांवरून वाचायला शिकवीत; त्यांचे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. आणि आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेणाऱ्या त्या आणि अनुताई वाघ! बिया, पाने, शिंपले हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचे, हा धडा त्यांनी घालून दिला.

आजचे मूल कुठे आहे? खोटे कशाला बोला, ते पडद्यापुढे आहे. म्हणून गोष्टीनेही तिथे जायला हवे, असे मला वाटले.

माझ्या टॅबवरची गोष्ट अशी असते. पडद्यावर चित्र येते, खाली एक ओळ येते. आवाज ओळ वाचतो आणि ज्या शब्दाचा उच्चार चालू असेल तो शब्द रंगाने उजळतो. अडलेल्या शब्दावर बोट ठेवले, की तो पुन्हा बोलतो. दहा वेळा ठेवले तर दहा वेळा बोलतो, आणि एकदाही कपाळाला आठी घालीत नाही! ध्वनी आणि अक्षर एकाच क्षणी भेटतात, हे तिचे बळ. या तत्त्वावर अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतले ब्रिज कोठारी १९९६ पासून काम करीत आले. दूरदर्शनवरच्या चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत गाण्याचे शब्द उमटवावेत, म्हणजे अर्धेमुर्धे वाचणारा माणूस गाता गाता वाचू लागेल, ही त्यांची कल्पना. गोष्टींचा साठाही आता महाग राहिलेला नाही. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे भांडार खुले केले. त्यात मराठीसह अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी फुकट वाचता येतात आणि आपण भाषांतर करून भरही घालू शकतो.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही गोष्टींत बेडकाला हात लावला की तो उडी मारतो, ढगाला लावला की पाऊस पडतो, आणि मध्येच फुगे फोडण्याचा खेळ येतो. मुले बेडकाला वीस उड्या मारायला लावतात आणि बेडूक कुठे निघाला होता हे विसरून जातात. अशा पुस्तकांवरच्या ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. गोष्टीच्या अर्थाशी जुळणारे हलते चित्र आणि आवाज मुलांना उपयोगी पडतात. दाबायच्या कळा आणि मध्येच येणारे खेळ लक्ष विचलित करतात, असा त्याचा निष्कर्ष होता. वर्गातल्या बेडकाने मला तेच शिकवले आहे.

म्हणून माझा एक नियम आहे. गोष्ट पहिल्यांदा सर्वांनी मिळून ऐकायची आणि मध्येच थांबून "पुढे काय होईल?" याचा अंदाज करायचा. दुसऱ्यांदा आवाजाबरोबर आपणही म्हणायचे. तिसऱ्यांदा आवाज बंद. पडदा मुका आणि मुले बोलकी! चौथ्या दिवशी टॅब पिशवीत जातो आणि तीच वाक्ये कागदाच्या पट्ट्यांवर लिहून, विस्कटून मुलांपुढे ठेवली जातात. ती क्रमाने लावायची आणि वाचायची. पडद्यावरचे वाचन कागदावर उतरले नाही, तर ते वाचन झाले असे मी मानीत नाही.

पाठांतरवाल्या मुलाची खरी परीक्षा या पट्ट्यांनीच झाली. विस्कटलेल्या वाक्यांपुढे पाठांतराचा इलाज चालेना. पहिले काही दिवस तो रुसून बसला. मग मी त्याला त्याचीच गोष्ट सांगायला लावली. त्याने आईबरोबर लोकलने मामाकडे गेल्याची हकीगत सांगितली, चित्रे काढली, आम्ही त्या चित्रांचे फोटो टॅबवर घेतले, खाली त्याची वाक्ये लिहिली आणि आवाजही त्याचाच भरला. स्वतःच्या आवाजाबरोबर स्वतःचे शब्द उजळताना पाहून तो जो खुलला! ती गोष्ट त्याने आईच्या फोनवर नेली. रोज रात्री मायलेक ती ऐकत. आवाज बंद करून वाचायचे, हा शाळेचा नियम त्याने घरीही लावला.

फेब्रुवारीत त्याची आई शाळेत आली. रेशन दुकानाच्या दारावरची चिठ्ठी त्याने तिला वाचून दाखवली होती. दुकान दोन दिवस बंद होते, आणि एरवी तिचा अर्ध्या दिवसाचा खाडा झाला असता. "बाई, पाठ नव्हती ती चिठ्ठी," ती म्हणाली. म्हणजे मुलाने आपले गुपित आपणच सांगून टाकले होते! रफार आला की तो अजून अडखळतो, जोडाक्षराला थांबतो. पण थांबतो, याचाच मला आनंद आहे. पाठ म्हणणारा कधी थांबत नसतो.

आता तुमच्या घरातल्या मुलांविषयी. इंग्रजी माध्यमातले मूल घरात फर्डे मराठी बोलते, पण आजीचे पत्र त्याला वाचता येत नाही, ही तक्रार मी इमारतीच्या जिन्यात नेहमी ऐकते. मंडळी, निम्मे काम तर झालेलेच आहे. भाषा त्याच्या तोंडात आहे. फक्त लिपीची ओळख राहिली आहे. आमच्या शेजारची आठ वर्षांची मुलगी रोज पंधरा मिनिटे माझ्याजवळ बसून चार महिन्यांत साधी गोष्ट वाचू लागली.

तेव्हा या सुट्टीत एवढे करा. रोज एक लहानशी गोष्ट, पुस्तकातली किंवा पडद्यावरची, मुलाला जवळ घेऊन वाचा आणि शब्दांखालून बोट फिरवा. फोन त्याच्या हाती देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका. तो बोलत असला तरी तुमची जागा घेऊ शकत नाही. चुकले तर लगेच टोकू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या. परीक्षा घेऊ नका, गप्पा मारा. फराळाच्या डब्यांवर 'चकली', 'लाडू', 'शेव' अशा चिठ्ठ्या मुलाकडूनच लिहवून घ्या. चुकीची वेलांटी असली तरी लाडू गोडच लागतो. आणि हा अंक वाचून झाला, की त्यातले एक हास्यचित्र मुलापुढे ठेवा. खालच्या दोन ओळी मात्र या वेळी तुम्ही वाचू नका. थोडा वेळ लागेल. लागू द्या.