मगरिब ते इशा, मोबाइल बाजूला

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये एक गोष्ट सुरू केली. संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की टीव्ही, मोबाइल बंद, ८.३० ला पुन्हा भोंगा, मग सुरू. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी हाती आलेला मोबाइल मुलं सोडेनात, म्हणून हे ठरलं.

आपल्याकडे मगरिब ते इशा साधारण सव्वा तासाचं अंतर. वेगळा भोंगा कशाला, अजान आहेच! फक्त नियम मोठ्यांनाही हवा. पोरगं पुस्तक घेऊन बसलंय आणि अब्बू रील्स बघतायत, हे चालत नाही. पहिले चार दिवस कंटाळा येईल, कुरबुरीही होतील. होऊ द्या. दादी-नानीला बोलतं करा. थोडा वेळ एकटं, नुसतं बसलात तरी हरकत नाही. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा, उशाखाली नको.