वर जाण्यासाठी खालचा धक्का

कक्षेतले यान आणखी उंच न्यायचे, तर ते सर्वांत खाली आले असतानाच त्याला ढकलावे लागते. मंगळयानाचा पृथ्वीभोवतीचा मुक्काम याच नियमावर आखलेला होता. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्हीने १,३३७ किलोंचे हे यान लंबवर्तुळाकार कक्षेत सोडले. तिचा जवळचा बिंदू, म्हणजे उपभू, जमिनीपासून सुमारे २५० किलोमीटरवर होता, तर दूरचा, म्हणजे अपभू, साधारण २३,५०० किलोमीटरवर. यान थेट मंगळाच्या वाटेला लावण्याइतका जोर या प्रक्षेपकात नव्हता. उरलेला वेग यानानेच मिळवायचा होता.

उपभूपाशी यान सेकंदाला सुमारे दहा किलोमीटर धावते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे तेवढ्याच इंधनातून तिथे जास्त ऊर्जा पदरात पडते. ढकलले त्या जागेची उंची फारशी बदलत नाही. वर सरकते ते पलीकडचे टोक. मग एकदाच दणकून इंजिन का चालवू नये? कारण इंजिन जेमतेम ४४० न्यूटनचे, पंचेचाळीस किलोंचा भार तोलेल एवढे. ते फार वेळ चालवले तर यान उपभू मागे टाकून जाते आणि इंधन वाया जाते. म्हणून हप्ते पाडले.

चौथा हप्ता चुकला. ११ नोव्हेंबरला सेकंदाला १३० मीटर वेगवाढ हवी होती, मिळाली ३५. इंधन सोडणाऱ्या झडपेची मुख्य आणि राखीव अशी दोन्ही वेटोळी एकदम चालवून पाहताच इंजिनाकडे जाणारे इंधन थांबले. एक लाख किलोमीटरवर जायचे अपभू ७८,२७६ वरच अडले. दुसऱ्या दिवशी जादा प्रज्वलन करून ते १,१८,६४२ किलोमीटरवर नेले. हप्त्यांचा हा फायदा इंधनाच्या हिशेबात दिसत नाही, पण तो लहान नव्हे.

१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर इंजिन बावीस मिनिटे चालले आणि यान पृथ्वीची कक्षा सोडून सूर्याभोवतीच्या लंबवर्तुळावर गेले. पुढचे जवळजवळ दहा महिने, किरकोळ दुरुस्त्या सोडल्यास, इंजिनाविनाच गेले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी, मंगळाच्या सर्वांत जवळच्या बिंदूच्या आसपास, तेच इंजिन गतीच्या उलट दिशेने चालवून वेग सेकंदाला सुमारे १,१०० मीटरने कमी केला, आणि यान मंगळाभोवती फिरू लागले.