पावसाळ्यात ड्रायर तापतो किंवा मध्येच बंद पडतो, त्यामागं नेमकं कारण काय असतं?

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये किचनला लागून एक छोटी जागा असते. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये तिचं नाव 'ड्राय बाल्कनी'. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र याच ड्राय बाल्कनीत टी-शर्ट तीन-तीन दिवस वाळत नाही, जीन्सला कुबट वास येतो आणि मुलांचे शाळेचे युनिफॉर्म सकाळी इस्त्री फिरवून सुकवावे लागतात. म्हणून मग अनेक घरांत ड्रायर किंवा वॉशर-ड्रायर आलाय.

पण ऐन पावसात हा ड्रायर जास्तच तापायला लागतो, जळका वास येतो किंवा अर्ध्या तासात गप्प बसतो. मेकॅनिक चार दिवसांनी येणार म्हणतो. अशावेळी घरच्या घरी काय तपासायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, ते समजून घ्या.

आधी तुमच्याकडं कोणता ड्रायर आहे ते बघा

आपल्याकडं ड्रायर हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिली म्हणजे सेमी ऑटोमॅटिक मशीनचा दुसरा, छोटा टब. यात हीटर नसतो. टब जोरात फिरतो आणि कपड्यातलं पाणी बाहेर फेकलं जातं. कपडे पिळून निघतात, पूर्ण वाळत नाहीत.

दुसरी म्हणजे खरा टंबल ड्रायर किंवा वॉशर-ड्रायर. यात हवा गरम केली जाते आणि पंख्यानं फिरत्या ड्रममधून सोडली जाते. कपड्यातला ओलावा घेतलेली हवा एकतर पाइपमधून बाहेर जाते, नाहीतर मशीनमध्येच थंड होऊन तिचं पाणी वेगळं होतं. दोन्हीचे आजार वेगळे आहेत.

ड्रायर जास्त का तापतो?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे हवा अडणं. हीटर आपलं काम करत राहतो, पण गरम हवा पुढं सरकत नाही आणि उष्णता आतच साठते.

हवा अडवणारा पहिला आरोपी असतो लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू. हे तंतू फिल्टरच्या जाळीवर कापसासारखा थर करतात. ही जाळी महिन्यातून एकदा नाही, तर प्रत्येक लोडनंतर साफ करायची असते. टर्किशचे टॉवेल आणि नवीन सुती चादरी सगळ्यात जास्त तंतू सोडतात.

दुसरा आरोपी पाइप. मशीन भिंतीला चिकटवलं की मागचा पाइप दबतो. बाल्कनीच्या जाळीबाहेर पाइपचं तोंड असेल तर कबुतरं तिथं काड्या आणून ठेवतात. काही घरांत ड्राय बाल्कनी काचेनं पूर्ण बंद केलेली असते. मग मशीननं बाहेर टाकलेली दमट हवा मशीन पुन्हा आत ओढतं. कपडे वाळायला दुप्पट वेळ लागतो आणि तेवढा वेळ हीटर चालू राहतो.

तिसरं कारण म्हणजे ओव्हरलोड. वॉशर-ड्रायरवर ८ किलो लिहिलेलं असतं, पण तो आकडा धुण्याचा असतो. वाळवण्याची क्षमता त्यापेक्षा बरीच कमी असते आणि ती मॅन्युअलमध्ये वेगळी दिलेली असते. धुतलेला सगळा लोड तसाच ड्राय मोडवर टाकला की हवेला फिरायला जागाच उरत नाही.

मग तो मध्येच बंद का पडतो?

ड्रायरमध्ये थर्मोस्टॅट असतो. तापमान ठरलेल्या मर्यादेला पोहोचलं की तो हीटर बंद करतो, थंड झालं की पुन्हा चालू करतो. हा थर्मोस्टॅट फेल झाला किंवा हवा फारच अडली, तर शेवटचा पहारेकरी असतो थर्मल फ्यूज. तो एकदाच उडतो आणि विजेचा मार्ग कायमचा तोडतो. काही मशीनमध्ये त्यामुळं फक्त हीटर बंद होतो, काहींत पूर्ण मशीनच थांबतं.

खरा धोका इथंच आहे. फ्यूज उडाला की काही मेकॅनिक दोन वायरी जोडून सांगतात, 'डायरेक्ट करून दिलंय.' मशीन लगेच सुरू होतं, कस्टमर खूश होतो. पण आता तापमान कितीही वाढलं तरी हीटर बंद करणारं शेवटचं साधन उरलेलं नसतं. त्यामुळं फ्यूज त्याच रेटिंगचा नवीनच बसवून घ्या आणि तो का उडाला हेही शोधायला लावा.

लंडनमध्ये काय झालं होतं?

१९ ऑगस्ट २०१६ ला लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या एका उंच इमारतीत आग लागली. कारण निघालं एका फ्लॅटमधला टंबल ड्रायर. मशीन चालू असताना जळका वास आल्यानं घरातली माणसं बाहेर पडली आणि वाचली, पण आग वरच्या मजल्यांवर पोहोचली होती.

तो ड्रायर इंडेसिट ब्रँडचा होता. हा ब्रँड व्हर्लपूल कंपनीकडं होता. तिथं विकलेल्या अशा काही ड्रायरमध्ये लिंट हीटरपर्यंत पोहोचून पेट घेऊ शकतो, हे कंपनीनं २०१५ मध्येच जाहीर केलं होतं. पण दुरुस्ती होईपर्यंत लक्ष ठेवून मशीन वापरा, असा सल्ला ग्राहकांना दिला होता. २०१७ मध्ये तो बदलून प्लग काढून ठेवायला सांगितलं गेलं आणि २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख ड्रायर परत बोलावण्याची वेळ आली.

अमेरिकेच्या अग्निशमन विभागाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीनुसार तिथं घरगुती ड्रायरमुळं वर्षाला साधारण २,९०० आगी लागत होत्या. त्यातलं सगळ्यात मोठं कारण होतं साफसफाई न करणं, ३४ टक्के.

प्लग आणि व्होल्टेजचा हिशोब

२,००० वॅटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर करंट घेतो. म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा मल्टिप्लगवर तो चालवायचाच नाही. त्याला अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. प्लग हाताला गरम लागत असेल किंवा सॉकेट पिवळं-काळं पडलं असेल, तर बिघाड मशीनमध्ये नसून वायरिंगमध्ये असू शकतो.

उलट व्होल्टेज १९० पर्यंत घसरलं, तर साध्या हीटरची उष्णता जवळपास दोन तृतीयांशावर येते. मशीन तासन्‌तास फिरतं, कपडे मात्र ओलेच. तेव्हा मशीनला दोष देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्या.

घरी काय तपासायचं?

आधी स्विच बंद करा, प्लग काढा आणि मशीन थंड होऊ द्या.

- काहीच चालू होत नाही: एमसीबी पडलाय का, दार नीट लागलंय का, चाइल्ड लॉक किंवा डिले स्टार्ट लागलाय का ते बघा.
- ड्रम फिरतो, पण गरम होत नाही: फिल्टर आणि पाइप साफ करा. तरीही तेच असेल तर हीटर, थर्मोस्टॅट किंवा फ्यूज. हे काम मेकॅनिकचं.
- मोटरचा आवाज येतो, ड्रम फिरत नाही: प्लग काढलेला असताना ड्रम हातानं फिरवा. तो फारच हलका फिरत असेल तर बेल्ट तुटला असण्याची शक्यता जास्त.
- कपडे ओले असतानाच थांबतो: ड्रममधल्या ओलावा ओळखणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर साबणाचा थर बसतो. ओल्या फडक्यानं पुसा.
- सेमी ऑटोमॅटिकचा टब फिरत नाही: झाकणाचा स्विच, ब्रेकची वायर आणि कपॅसिटर हे नेहमीचे आजार. टब आणि बाहेरच्या भिंतीमध्ये मोजा किंवा रुमाल अडकला तरी मोटर तापते.

मागचं कव्हर मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो.

स्पेअर पार्टसाठी पुणेकर तपकीर गल्ली गाठतात. तिथं जाताना जुना पार्ट आणि मशीनचा मॉडेल नंबर दोन्ही सोबत ठेवा. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

एवढं तर पाळाच

तेलाचे किचन नॅपकिन आणि फोमच्या उशा ड्रायरमध्ये टाकू नका. तेल कपड्यात उरलं तर गरम ढिगात ते आपोआप पेटू शकतं. सायकल मध्येच थांबवून गरम कपड्यांचा गठ्ठा तसाच ठेवू नका. ड्रायर लावून झोपू नका, बाहेरही जाऊ नका.

आणि धूर दिसला तर दार उघडून बघायचा मोह टाळा, कारण आत हवा गेली की आग भडकते. मेन स्विच बंद करा, पाणी मारू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.