मामा तलावांची यादी आणि एक अवतरणचिन्ह

भंडारा जिल्ह्यात 'मामा तलाव' म्हटले की कोणी चकित होत नाही. इतर जिल्ह्यांतील वाचकांसाठी सांगतो: मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिलेले हे तलाव. मालगुजारी गेली, नाव मात्र तलावांना चिकटून राहिले. धानाच्या बांध्यांना आजही त्यांचे पाणी मिळते.

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या तीन विद्यार्थ्यांनी अशा तलावांची यादी संगणकावर तयार केली होती. सायकलवरून गावोगाव हिंडून त्यांनी तलावाचे नाव, तालुका, क्षेत्र, पाळ कोठे फुटली आहे, मासेमारी कोण करते, हे सारे टिपून आणले होते. काही म्हाताऱ्या माणसांनी त्यांना आणखीही सांगितले होते. तलावाच्या पोटात कोणी बांध घालून शेत केले, हे त्यांनी सांगितले, पण 'आमचे नाव कोठे येऊ देऊ नका' या अटीवर. मुलांनी तो शब्द दिला. तशा नोंदींपुढे त्यांनी 'खुले' या रकान्यात ० लिहिले, बाकीच्यांपुढे १. तालुक्याचे नाव टंकित केले की त्या तालुक्यातील फक्त खुल्या नोंदी पडद्यावर याव्यात, अशी योजना होती.

एका लहान मुलीने इंग्रजी अक्षरांत 'साकोली' असे टंकित केले आणि एंटरची कळ दाबताना तिचे बोट शेजारच्या कळीवरही पडले. ती कळ एकेरी अवतरणचिन्हाची. पडद्यावर साकोलीचे तलाव आलेच नाहीत. चुकीचा संदेश आला. मुले ओशाळली. "सर, चुकून दाबलं गेलं," असे म्हणून त्यांनी घाईघाईने पडदा पुसला. मला मात्र तो संदेश फार बोलका वाटला. एक चिन्ह जास्त पडल्याने उत्तर चुकणे वेगळे, आणि त्या चिन्हाने प्रश्नच मोडून पडणे वेगळे.

हे नीट समजण्यासाठी धान खरेदी केंद्रावर बसलेल्या एका विचित्र मुनिमाची कल्पना करा. कानावर पडेल ते तो वहीत लिहितो आणि वहीत जे लिहिले असेल तसे वागतो. नाव कोणते आणि हुकूम कोणता, हा फरक त्याला कळत नाही. एखादा शेतकरी म्हणाला, "माझे नाव रामा, आणि मागच्या सगळ्यांची नावे मोठ्याने वाच," तर मुनीम नाव लिहील आणि वहीही वाचून दाखवील. संगणकाला तोंडी सांगितलेला प्रश्न असाच असतो. मुलांच्या आज्ञावलीत जुळवला जाणारा प्रश्न, इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिल्यास, असा होता:

सिलेक्ट * फ्रॉम तलाव व्हेअर तालुका = 'साकोली' अँड खुले = १

ही एसक्यूएल भाषा. एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती कोष्टकांत मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली आणि १९७४ मध्ये आयबीएम कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी त्या कोष्टकांना प्रश्न विचारण्यासाठी 'सीक्वेल' ही भाषा मांडली; तिचेच पुढे एसक्यूएल झाले. सामान्य माणसाला इंग्रजीसारख्या वाक्यात प्रश्न विचारता यावा, हा हेतू. वाक्य माणसाने स्वतः लिहिले तोवर ठीक होते. पुढे आज्ञावल्याच वाक्ये जुळवू लागल्या आणि अर्धे वाक्य आपले, अर्धे परक्याचे, अशी स्थिती आली. वरच्या वाक्यात 'साकोली' हा शब्द परक्याचा आहे. तो कोठे संपतो, हे फक्त अवतरणचिन्हावरून ठरते. परक्याने स्वतःच अवतरणचिन्ह दिले, तर?

मुलांच्या परवानगीने मी तालुक्याच्या जागी हे टंकित केले:

' ऑर ट्रू --

वाक्य झाले:

सिलेक्ट * फ्रॉम तलाव व्हेअर तालुका = '' ऑर ट्रू --' अँड खुले = १

दोन आडव्या रेघांच्या पुढचा मजकूर ही केवळ टीप, ती वाचू नये, असा या भाषेचा नियम आहे. म्हणजे 'खुले = १' ही अट गळून पडली. 'किंवा खरे' ही अट तर प्रत्येक नोंदीला लागू होते. पडद्यावर सगळी यादी उतरली, ज्यांना शब्द दिला होता त्या माणसांच्या नावांसकट. तिघांपैकी एकाने धावत जाऊन संगणकाचा पडदाच बंद केला. त्याची ती घाई मला फार आवडली.

याला इंग्रजीत 'एसक्यूएल इंजेक्शन' म्हणतात. डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकात या युक्तीचे वर्णन छापून आले, म्हणजे ही गोष्ट काही नवी नव्हे. तरीही ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली आणि पुढच्या वर्षी कंपनीला चार लाख पौंड दंड झाला. त्या प्रकरणात न्यायालयात गुन्हा कबूल करणाऱ्यांत सतरा वर्षांचा एक मुलगा होता. (तुमच्यापैकी कोणाच्या मनात काही येत असेल तर आताच सांगतो: दुसऱ्याच्या संकेतस्थळावर हा प्रयोग करणे आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. प्रयोग स्वतःच्या यादीवर करावा.)

मग मी मुलांना विचारले, ही ओळ तुम्ही कोठून घेतली? त्यांनी एक झेरॉक्स पुढे केली. ते माझेच टिपण होते. दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात मी ते वाटले होते. उदाहरणात शब्द वाक्याला जोडलेला होता आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते, 'बाहेरून आलेला शब्द असा जोडू नये.' मुलांनी उदाहरण उतरवले, तळटीप उतरवली नाही. तुम्ही तरी काय करता? गणिताच्या पुस्तकात आधी सोडवलेले उदाहरण पाहता, नियम नंतर.

पायथन भाषेच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही जवळपास हेच होते. तिच्या जुन्या आवृत्तीत 'असे कधीही करू नका' असे लिहून खाली जोडलेले वाक्य दिले होते. पण जोडलेला शब्द लेखकाने स्वतःच लिहिलेला, एका कंपनीचे साधे सांकेतिक नाव. चालवून पाहिले तर काहीच बिघडत नसे. धोका आहे असे सांगितले होते, पण तो दिसत नव्हता. पुढच्या आवृत्तीत हे बदलले. आता तेथे शब्द बाहेरून घेतला जातो, तो वर दिल्यासारखाच खोडसाळ असतो, आणि बिघडलेले वाक्य छापून दाखवले जाते. माझ्या मते एवढ्या बदलाने शंभर ताकिदींचे काम होते.

योग्य रीत अशी. वाक्यात परक्याच्या शब्दाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचे:

सिलेक्ट * फ्रॉम तलाव व्हेअर तालुका = ? अँड खुले = १

आणि शब्द निराळा पाठवायचा. डेटाबेस आधी या वाक्याची फोड करतो. कर्ता, क्रिया, अटी ठरून जातात. शब्द नंतर येतो, तोवर वाक्याचा अर्थ पक्का झालेला असतो. मग त्यात अवतरणचिन्ह असो की आडव्या रेघा, तो केवळ तालुक्याचे नाव म्हणून ताडून पाहिला जातो आणि अशा विचित्र नावाचा तालुका नसल्याने उत्तर रिकामे येते. रेल्वेच्या आरक्षण अर्जासारखेच हे: अर्ज छापून झालेला असतो, रिकाम्या चौकटीत तुम्ही काहीही लिहा, छापील मजकूर बदलत नाही.

मुलांनी अर्ध्या तासात दुरुस्ती केली. पण गोष्ट येथे संपली नाही, आणि मला खरे सांगायचे आहे ते पुढेच.

यादी नावाप्रमाणे लावायची की क्षेत्राप्रमाणे, हे पाहणाऱ्याने ठरवावे, अशी सोय त्यांना हवी होती. त्यांनी 'ऑर्डर बाय' या शब्दांपुढेही प्रश्नचिन्ह ठेवले. चुकीचा संदेश आला नाही, पण यादीचा क्रमही लागला नाही! कारण प्रश्नचिन्हाच्या जागी येतो तो मजकूर. 'क्षेत्र' हा रकाना न समजता डेटाबेसने 'क्षेत्र' ही दोन अक्षरे समजली आणि प्रत्येक नोंदीसाठी तीच अक्षरे असल्यावर क्रम कशाचा लावणार? माझ्या टिपणात याबद्दल एक अक्षर नव्हते. साहजिकच मुले पुन्हा शब्द जोडण्याकडे वळली. बहुतेक मार्गदर्शिका येथेच अपुऱ्या पडतात. सोप्या प्रश्नाचे सुरक्षित उदाहरण देतात आणि प्रश्न जरा बदलता झाला की वाचकाला वाऱ्यावर सोडतात.

रकान्याच्या नावासाठी उपाय वेगळा आहे. आज्ञावलीत आपण स्वतः लिहिलेली छोटी यादी ठेवायची: नाव, तालुका, क्षेत्र. पाहणाऱ्याने दिलेला शब्द या यादीत असेल तर यादीतला शब्द वाक्यात घालायचा, नसेल तर नकार द्यायचा. (पोस्टग्रेस डेटाबेससाठी पायथनमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'सायकोपीजी' या साधनात रकान्यांची नावे सुरक्षितपणे घालण्याची निराळी सोय २०१७ पासून आहे. तरी यादी ठेवावीच. नको तो रकाना निवडला जाऊ नये म्हणून.)

दुसरी गरज अनेक तालुक्यांची होती. जिल्ह्यात तालुके सात: भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी. कोणी दोन निवडील, कोणी पाच. येथे जितके तालुके तितकी प्रश्नचिन्हे आज्ञावलीने स्वल्पविराम देऊन मांडायची आणि नावे निराळी पाठवायची. वाक्य येथेही जोडलेलेच असते, पण जोडलेले प्रत्येक चिन्ह आपले असते, परक्याचे एकही नसते.

ते टिपण मी नव्याने लिहिले. पहिल्याच ओळीत आता अवतरणचिन्हासह 'साकोली' आहे, नंतर बिघडलेले वाक्य, मग प्रश्नचिन्ह, मग रकान्यांची यादी, मग सात तालुके. छापण्यापूर्वी मुलांकडे पाठवले. तिघांपैकी एकीने परत विचारले, "सर, एकही तालुका निवडला नाही तर?" तेव्हा कंसात काहीच उरत नाही. मुलांनी वापरलेला एसक्यूलाइट रिकामा कंस चालवून घेतो आणि एकही नोंद देत नाही. पोस्टग्रेस तेथे वाक्यच चुकीचे ठरवतो. टिपणात तीही ओळ घातली, प्रश्नाचे श्रेय तिला देऊन.