कवडशाचे तत्त्व: प्रकाशीय धूरशोधकाचा परिचय

रुग्णालये, कार्यालये आणि उंच इमारतींच्या छताला बसवलेली वाटीएवढी पांढरी डबी म्हणजे धूरशोधक, व्यवहारातला स्मोक डिटेक्टर. त्याच्या प्रकाशीय प्रकाराचे तत्त्व कवडशात दिसते. कौलाच्या फटीतून अंधाऱ्या खोलीत उतरलेला किरण बाजूने पाहणाऱ्याला स्वतः दिसत नाही. दिसतात ते त्याच्या वाटेत येऊन प्रकाश चोहीकडे विखुरणारे धूलिकण. प्रकाशाच्या या विखुरण्याला विकिरण म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकात त्याचा अभ्यास करणाऱ्या जॉन टिंडल यांच्या नावावरून हा आविष्कार टिंडल परिणाम म्हणून ओळखला जातो.

डबीच्या आत काळ्या प्लास्टिकचा एक कक्ष असतो. त्याच्या भिंती एकमेकींआड वळलेल्या पात्यांच्या असल्याने हवा आत शिरते, पण बाहेरचा उजेड वाटेतच शोषला जातो. कीटकांना अडवण्यासाठी भोवती बारीक जाळी असते. कक्षात अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश देणारा एक एलईडी आणि प्रकाश पडताच सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करणारा एक फोटोडायोड असतो. मात्र ही दोन्ही अशा कोनात बसवलेली असतात, की एकाचा झोत दुसऱ्यावर थेट पडू नये. एलईडी ठरावीक अंतराने क्षणभर लुकलुकतो. हवा स्वच्छ असेल तर झोत काळ्या भिंतीत विरतो. धूर शिरला की त्याचे कण प्रकाश विखुरतात, त्यातला काही फोटोडायोडवर पडतो, आणि हा संकेत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की डबीवरचा लाल दिवा लागून नियंत्रण पॅनेलला इशारा जातो.

साध्या, म्हणजे कन्व्हेन्शनल, यंत्रणेत धूरशोधक एरवी अत्यल्प प्रवाह घेतो आणि इशाऱ्याच्या वेळी कितीतरी पट अधिक घेतो, त्यावरून पॅनेलला फक्त विभाग कळतो. ॲड्रेसेबल यंत्रणेत प्रत्येक डबीला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे नेमकी खोलीही कळते.

धुमसणारा कापूस, गादीचा फोम किंवा तापलेले वायरचे आवरण यांच्या धुरातील कण तुलनेने मोठे असल्याने ते हा शोधक चांगले टिपतो. भडकलेल्या आगीचे अतिसूक्ष्म कण मात्र प्रकाश कमी विखुरतात. ते अमेरिसियम-241 वापरणाऱ्या आयनीकरण शोधकाला लवकर कळतात. वाफ आणि फोडणीचा धूर यांत व आगीत प्रकाशीय शोधकाला फरक करता येत नाही, म्हणून स्वयंपाकघरात उष्णताशोधक बसवतात. धूळ हा त्याचा जुना वैरी: काळ्या भिंतीवर तिचा थर साचला की भिंतच प्रकाश परतवू लागते आणि आग नसताना भोंगा वाजतो. आधुनिक शोधक हा बदल काही प्रमाणात सांभाळून घेतात, पण त्यामुळे साफसफाईतून सुटका होत नाही.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार त्याच्या कक्षेतील इमारतींसाठी दर जानेवारीत आणि जुलैत अशी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यासाठीच्या तपासणीत केवळ पॅनेलवरच्या दिव्यावर विसंबता येत नाही. रंगकामाच्या वेळी चढवलेली प्लास्टिकची टोपी काढायची राहून गेली, तर कक्षात धूर पोहोचत नाही, आणि स्वच्छ हवा व झाकलेली डबी यांतला भेद पॅनेलला सहसा कळत नाही. तो कळतो लांब काठीच्या टोकाने छतापर्यंत नेलेल्या चाचणीच्या धुरानेच.