ज्याला हात लावता येत नाही, त्याचा ताप कसा मोजावा?

चुलीवरचे मिठाचे पाणी उतू गेले, की गॅसची निळी ज्योत क्षणात पिवळी होते. आपल्या आयाबहिणींनी हे हजारदा पाहिले आहे. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश असा ठरलेला असतो. तो लोलकातून नेला, की ठरावीक जागी तेजस्वी रेषा उमटतात. बोटांच्या ठशांसारखाच प्रत्येकाचा ठसा वेगळा.

वायू फार तापला किंवा त्यातून जोरात वीज गेली, की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. वेल्डिंगच्या कांडीपुढचा लखलखाट, आकाशातली वीज, पेटलेली ट्यूबलाइट, सूर्य हे सारे प्लाझ्माच. वेल्डिंगच्या लखलखाटात तापमापी धरली, तर ती वितळून जाईल. सूर्यापर्यंत ती नेणार तरी कोण? म्हणून त्या रेषांनाच विचारावे लागते.

त्याची रीत अशी. एकाच मूलद्रव्याच्या दोन रेषा घ्यायच्या. एक ऊर्जेच्या खालच्या पायरीवरून निघणारी, दुसरी वरच्या पायरीवरून. तापमान वाढले, की वरच्या पायरीवर चढणारे इलेक्ट्रॉन वाढतात आणि दुसरी रेषा पहिलीच्या मानाने उजळते. दोघींच्या तेजाच्या प्रमाणावरून तापमानाचा हिशेब निघतो.

दाटी कळते रेषेच्या जाडीवरून. सुट्या विद्युतभारित कणांची गर्दी वाढली, की त्यांच्या ओढाताणीने अणूच्या पायऱ्याच हलतात आणि रेषा फुगते. हायड्रोजनची ४८६ नॅनोमीटरवरची रेषा सुमारे ५ नॅनोमीटर जाड झाली, तर दर घन सेंटिमीटरला इलेक्ट्रॉन एकावर सतरा शून्ये इतके समजावेत.

तापमान आणि दाटी यांचा मेळ घालून देणारे समीकरण १९२० साली एका भारतीयाने मांडले, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. डॉ. मेघनाद साहा यांचा जन्म १८९३ चा, ढाक्याजवळच्या शिवराताली गावचा. वडिलांचे किराणा दुकान. जात खालची मानलेली. शिक्षणासाठी परक्या घरी राहून त्यांनी गाईची निगा राखली. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांनी त्यांच्या पंगतीला बसायचे नाकारले. त्याच साहांनी तिशीच्या आत दाखवून दिले, की तापमान आणि दाब कळला तर किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटले असतील हे गणिताने सांगता येते.

त्यामुळे एक कोडे सुटले. सूर्याच्या वरच्या विरळ थरात इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या रेषा ठळक का दिसतात? कारण विरळ जागी सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा अणू भेटणे कठीण. पुढे १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुणीने हेच समीकरण वापरून तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत असे दाखवले. मोठ्या शास्त्रज्ञांनी आधी ते मानले नाही. चार वर्षांतच मानावे लागले. पुढे १९५२ मध्ये साहा लोकसभेवर निवडून आले.

पंगतीतून उठवलेल्या माणसाचे गणित आज जगभरच्या प्रयोगशाळांत चालते. जातीने त्याला अडवले, पण आकाशातल्या प्रकाशाला जात कुठे असते?

घरी जुनी सीडी असेल तर रात्री पेटलेल्या ट्यूबलाइटखाली ती तिरकी धरा. रंगांचे तुटक पट्टे दिसतील. मुलांना ते दाखवा. सूर्याकडे मात्र थेट पाहू देऊ नका. मूल विचारील, "हे पट्टे तुटक का?" त्या प्रश्नाला गप्प बसवू नये, एवढीच आमची विनंती.