पडलेल्या वाऱ्याचा मागोवा

अंबाजोगाईहून समुद्र सह्याद्रीच्याही पलीकडे. तरी मार्गशीर्षातल्या नवरात्रात योगेश्वरीच्या देवळात कोकणातली आडनावं हटकून कानावर पडतात, कारण कित्येक कोकणस्थ घराण्यांची ती कुलस्वामिनी. दंतकथाही तिला कोकणातूनच आणते. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, उशीर झाला, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगड होऊन बसलं. उशिराचं कोकणाला नवल वाटू नये. शिडाच्या गलबतातून ये-जा करणाऱ्यांचा मुहूर्त वाराच ठरवायचा.

मार्गशीर्षात तिकडे दर्या निवलेला असतो. रात्री जमीन पाण्याआधी थंड होते आणि पहाटे मतलई वारा समुद्राकडे सुटतो. दुपारी तापलेल्या जमिनीकडे खारा वारा येतो. मतलईवर बंदर सोडायचं, खाऱ्यावर पुढची खाडी गाठायची. मधल्या वेळात वारा पडला की शीड लोंबकळायचं. तेव्हा भात शिजवावा, गळ टाकावा, गप्पा माराव्यात. अर्थात ही चैन उतारूंची. नारळ-कौलं वेळेत पोचवायची चिंता असलेल्या तांडेलाला त्यात सुख वाटलं असेल, यावर माझा विश्वास नाही. त्याचा कस मात्र तिथेच लागायचा. सोसाट्याच्या वाऱ्यात जहाज कुणाचंही पळतं. झुळकीवर चालवायला हात लागतो.

आंग्र्यांच्या आरमाराने हे ओळखलं होतं. वारा पडला की इंग्रजांची अवजड जहाजं जागीच खिळायची. आंग्र्यांची गलबतं लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. ती तोफा लादलेल्या गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, कारण तिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी. इंग्रज ज्या शांततेला कंटाळत, तीच आंग्र्यांची संधी.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या, त्यांना वेळापत्रक होतं. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तोवर शिडाचा प्रवास केव्हाच आठवणींत गेला होता.

तो परतला तो मुद्दाम, हौसेने. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ला कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१०मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. वाटेत चारच मुक्काम. अशा प्रवासात दक्षिण महासागराची वादळं सगळे विचारतात. विषुववृत्ताजवळचा निर्वात पट्टा कुणी विचारत नाही. तिथे शीड नुसतं फडफडतं, होडी उगाच डोलते, आणि पाऊस आला तर प्यायचं पाणी भरून घेता येतं. २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी याच ‘म्हादेई’तून कुठेही न थांबता जग फिरून आले.

मग टॉमींनी आणखी संथ वाट धरली. २०२२च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ३२ ते ३६ फुटी जुन्या घडणीच्या होड्या आणि १९६८च्या काळातली साधनं, एवढ्यावरच जग फिरायचं होतं. उपग्रहाची दिशादर्शक यंत्रं वर्ज्य. निघाले सोळा, मूळ नियमांत राहून पोचले तिघे. दुसरे आले टॉमी, २३६ दिवसांनी.